आधी करंट बघा

फियाटच्या घरात वाढलेली माणसं आजही ओळखू येतात. रिक्षात बसलेली असोत की भाच्याच्या नव्याकोऱ्या गाडीत, इंजिनाचा सूर जरा हलला की त्यांचं बोलणं मध्येच तुटतं, मान तिरकी होते आणि कुणी विचारलेलं नसताना ती निकाल देऊन टाकतात, "मिसिंग आहे." चारांतला एक सिलिंडर आपली पाळी चुकवतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या लहानपणी एवढ्यावरून अख्ख्या घराचा रविवार ठरायचा.

आमची गाडी १९७२ची. फियाट ११०० डी, म्हणजे 'डिलाइट'. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जन्मलेली. याच गाडीचं पुढे सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' झालं, पण कोल्हापुरात काय नि मुंबईत काय, लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. तिच्या आधीची गुबगुबीत, ती 'डुक्कर फियाट'. आमच्या गल्लीच्या टोकाला एका वकिलांकडे ती होती. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, आणि त्याचा आम्हा मुलांना फार हेवा वाटायचा.

बाबांनी आमची गाडी सेकंडहँड घेतली. नवी हवी तर नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट बघा, असा तो काळ. त्यामुळे गाडी आली ती आधीच्या मालकाच्या सगळ्या खोडी घेऊनच. ती कधी रुसेल याचा नेम नव्हता, आणि प्रत्येक वेळी उद्यमनगरात नेऊन मिस्त्रीला पैसे मोजणं नोकरदार माणसाला परवडणारं नव्हतं. म्हणून बाबा शिकले, आणि ते शिकले म्हणून आम्हीही शिकलो. हौस वगैरे नंतरची.

रविवारी चहा झाला की अंगणात 'पुढारी' पसरला जायचा. त्यावर सुटे भाग काढलेल्या क्रमाने मांडायचे, आणि तो कागद कुणी हलवायचा नाही. दादा पाने द्यायचा. दहा-अकराचा मागितला आणि बारा-तेराचा गेला की ओरडा. धाकटा ड्रायव्हरच्या जागेवर. त्याची नजर डॅशबोर्डच्या वर पोहोचायची नाही, तरी "रेस दे" म्हटलं की तो पाय दाबायचा आणि "पुरे" म्हटलं तरी दाबतच राहायचा. माझ्याकडे टॉर्च. बाबांना जिथे बघायचं असायचं तिथे सोडून प्रकाश सगळीकडे पडतो, अशी माझी कीर्ती होती. माझ्या वयाच्या कुणाशीही बोला, ज्यांच्याकडे गाडी होती त्या घरात एक जण टॉर्च वाकडी धरणारा असतोच.

आई त्या गाडीला कधी हात लावायची नाही. गाडी शिकायची तिला इच्छाही नव्हती. पण गाडी वळणावर आली की आवाजावरून ती भाताचा कुकर लावायची, आणि आवाज वेगळा आला तर कुकर न लावता दारात येऊन उभी राहायची. बाबा तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसले की ती स्वयंपाकघरातूनच सांगायची, "शिट्टीसारखं काहीतरी येतंय बघा." आणि खरंच कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग फाटलेलं निघायचं. तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत असायचं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आयडलिंग डुगडुगणार, हे मी पुस्तकात वाचलं ते कितीतरी नंतर.

ते इंजिन समजायला सोपं होतं, हे आता कळतं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, चाळिशीतली हॉर्सपॉवर, खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. बॉनेट उघडलं की सगळं समोर, हात घालायला जागा. मिसिंग शोधायची पहिली पायरी लहान मुलालाही जमेल अशी होती. इंजिन चालू ठेवायचं, पायात रबरी चप्पल, हातात सुका फडका, आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढली की इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काढली तरी काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. स्फोटांचा क्रम एक-तीन-चार-दोन. आम्हा तिघांना तो झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल.

मग त्या सिलिंडरचा मायकोचा प्लग काढून टोक बघायचं. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट दिसलं तर कमी, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर तिथे शोधण्यात अर्थ नाही. काजळीचा प्लग गॅसवर धरून जाळायचा हा सगळ्या घरांतला कार्यक्रम, आणि त्यावरून होणारी आईची चिडचिडही सगळ्या घरांतली. ठिणगीसाठी उघडमीट करणारे पॉइंट घासायला पॉलिश पेपर नसला तर काडेपेटीची बाजू चालायची. बाबांना ते पसंत नव्हतं. काकांना होतं. दोघे त्यावरून सणासुदीलाही भांडायचे.

उद्यमनगरातले मिस्त्रीकाका मात्र या सगळ्याला हसायचे. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचा लेथचा आणि भट्टीचा पसारा. तेलाच्या इंजिनांपासून वाटेल ते तिथे ओतून, कातून मिळायचं. मिस्त्रीकाकांचं गॅरेज तिथल्याच एका बोळात. बाबांनी कार्बोरेटर काढून खिशात घालून नेला की ते तो हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. "सायेब, त्येला कशाला खोलतासा? आधी करंट बघा, मग पेट्रोल बघा. कार्बोरेटर काय पळून जात न्हाई." कार्बोरेटरच्या नावावर जमा होणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक मुळात विजेच्या असतात, हे मी पुढे चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकलं. इतक्या कमी शब्दांत नव्हे.

त्यांचं चार प्रश्नांचं शास्त्र होतं. ठिणगी वेळेवर पडते का, पेट्रोल पोहोचतं का, हवा हवी तेवढीच जाते का, आणि सिलिंडर दाब धरतो का. याच क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कळणार नाही आणि महिन्याभराने परत यावं लागेल. बाबा बँकेत होते. त्यांना हे चटकन पटलं असावं, कारण ते त्यानंतर वहीत तारखेनिशी नोंदी करायला लागले. 'पॉइंट नवे. कंडेन्सर जुनाच.' 'टॅपेट गार असताना सेट केले.' 'पाऊस. डेल्को कॅप पुसली, चालू.'

ही शेवटची नोंद जून ते सप्टेंबर पानापानावर आहे. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, आणि त्याची काळी टोपी दमट झाली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधल्या मध्येच गळते. राजारामपुरीत पावसाळ्यात सकाळी सातला चार घरांसमोर चार बॉनेट उघडी दिसायची आणि चार पुरुष बनियनच्या फडक्याने टोप्या पुसत असायचे. एकाची सुरू झाली की तो बाकीच्यांना धक्का मारायला यायचा. ढकलायला मुलं लागायचीच. सेकंडला टाकून क्लच सोडला की गाडी आचका देऊन सुरू व्हायची आणि आम्ही शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर चिखल घेऊन हसत उभे.

उन्हाळ्यातलं दुखणं वेगळं. मे महिन्यात पुण्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी आचके देत थांबायची. पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ धरायची, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. उपाय सगळ्यांना माहीत होता. पंपावर ओलं फडकं. आमच्याकडे त्यासाठी पाण्याची वेगळी बाटली असायची. त्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग लागायची, आणि अनोळखी कुटुंबं एकमेकांची पुरणपोळी खात बसलेली असायची. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबापाशीही हेच चित्र असायचं, असं मुंबईचे मामा सांगत.

हे सगळं लिहिताना गाडी फार गुणाची होती असा समज होऊ नये. ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढायची, केबिनमध्ये पेट्रोलचा वास यायचा, आणि मला प्रत्येक घाटात उलटी व्हायची. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००च्या चाव्या दिल्या गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या माणसांनी आपापल्या फियाटी डोळ्यांत पाणी न आणता विकल्या. बाबांनी मारुती घेतली आणि फियाट मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. ती विकली का नाही, याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पान्यांच्या डब्यासोबत तिलाही झेंडूचा हार पडायचा.

फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेवच्या आरटीओत मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आमच्या तिघांच्या फोनवर दिवसभर टॅक्सीचेच फोटो फिरत होते. बाबा त्याआधीच गेले होते. दादा नुकताच निवृत्त होऊन कोल्हापूरला परतला होता. त्याने ताडपत्री काढली.

पत्र्याचं काम, रंग, कुशन यांवर मी थांबत नाही. त्याला पैसे लागतात आणि पत्रेवाला लागतो, एवढंच. खरा प्रश्न इंजिनाचा होता. ते फिरत होतं हेच मोठं. प्लगच्या भोकांतून तेल सोडून, हाताने हळूहळू फिरवून मोकळं केल्यावर ते सुरूही झालं. पण चालत होतं ते लंगडत. आयडलिंगला थरथर, मधूनच आचका, रेस दिली की सायलेन्सरमधून फाट्ट.

टाकी उघडली तर आत गंजाचा चिखल. त्यामुळे पेट्रोलच्या बाजूने सुरुवात करणं भागच होतं. टाकी धुतली, पाइप बदलले, सोलेक्स कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये लाल भुकटी होती. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून थिनर. जेट फुंकायला मात्र सायकलचाच पंप, आणि जेटमध्ये तार घालायची नाही हा बाबांचा नियम अजून पाळला जातो, कारण पितळेचं भोक तारेने मोठं होतं आणि मग तो जेट कामातून जातो. एवढं केल्यावर गाडी चढाला ओढू लागली. थरथर जागच्या जागी.

मग दाब. गेज उसना आणून चारही सिलिंडर तपासले. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले असते तर हेड गॅस्केट त्यांच्या मध्ये उडालंय हे उघड होतं. एकच कमी असता तर चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. आमचे चारही आकडे जवळजवळ सारखे निघाले. दादाचा चेहरा पडला. आजार सापडला नाही म्हणून.

राहिला करंट. आणि इथे मिस्त्रीकाका आमच्या तिघांच्या डोक्यात एकदमच बोलले असणार. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, कॉइल तापल्यावरही ठीक. पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने मोजलं तर बरोबर. धाकट्याने कुठूनतरी टायमिंग लाइट आणला. हा दिवा एक नंबरच्या वायरीवर लावायचा, ठिणगी पडली की तो लखलखतो, आणि त्या क्षणी फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी उभी दिसते. दिसायला हवी. आमची खडूची खूण पुढे-मागे नाचत होती. ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा.

खूण नाचली की संशयित दोन. टायमिंगची चेन सैल झाली असेल, नाहीतर डेल्कोचा दांडा. दादाने टोपी काढली, रोटर चिमटीत धरला आणि बाजूला दाबला. मला काही दिसलं नाही. तेव्हा त्याने बारा व्होल्टचा बल्ब घेतला, एक वायर डेल्कोच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला, आणि चावी फिरवली. पॉइंट मिटलेले असतील तोवर बल्ब बंद राहतो, उघडले की लागतो. मिटलेल्या पॉइंटवर इंजिन उभं करून त्याने मला सांगितलं, "आता तू दाब." मी अंगठ्याने दांडा नुसता ढकलला. बल्ब लागला. सोडला, विझला. इंजिन कणभरही फिरलेलं नव्हतं. ज्या बुशात दांडा फिरतो तो झिजून इतका ढिला झाला होता की पॉइंटचं अंतर दांडा ज्या बाजूला कलेल त्याप्रमाणे बदलत होतं. फीलर गेजने मोजताना तो स्थिर उभा, म्हणून माप बरोबर. चालू इंजिनात तो डुलत होता.

मग बाबांची वही काढली. १९८८च्या एका पानावर, 'पॉइंट सेट केले की दोन आठवड्यांत बिघडतात. डेल्को बघणे.' त्याखाली काही नाही. त्यानंतर मारुती आली असणार.

तयार बुश मिळेना. पण कोल्हापूरकराने त्यासाठी मुंबईचा चोरबाजार शोधत बसण्याचं कारण नाही. उद्यमनगरात मिस्त्रीकाकांचा बोळ आहे, गॅरेज नाही. दोन दारं सोडून एका लेथवर गनमेटलचा तुकडा लावून एका तरुण पोराने आमच्यासमोर बुश कातला, रीमर फिरवला, दांडा घालून दोन बोटांनी फिरवून बघितला आणि विचारलं, "कशाचं हाय हे?" फियाटचं म्हटल्यावर त्याने हात पुसत सांगितलं, "आज्जाकडं हुती."

बुश बसवल्यावर खूण उभी राहिली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. अंगणात खुर्ची टाकून ती सगळे रविवार बसून होती. तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आता बरोबर. पण अजून जरा जोरात होती तेव्हा." दादाने आयडलिंगचा स्क्रू पाव आटा फिरवला. "हां."

कामं संपलेली नाहीत. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून पंपाचा डायाफ्राम आणि सगळे होज त्याला टिकतील असे घालायचेत. कागदपत्रांचं आणखी निराळं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर घेता येतो, पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर काढता येत नाही. दादाला आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचंय. त्यामुळे व्हिंटेजचा विचार सोडून फिटनेस करून साधंच नूतनीकरण करायचं ठरलं.

सध्या घरात भांडण आहे ते इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटवरून. धाकट्याने ते मागवून ठेवलंय. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात, त्या जागी एक सेन्सर बसतो, आणि पुन्हा कधी गॅप मोजायला नको. दादा म्हणतो, मग ती फियाट राहिली कुठे? मी धाकट्याच्या बाजूने आहे. दर महिन्याला पॉइंट घासण्यात बाबांना काडीचीही हौस नव्हती. त्यांच्या काळात ते किट मिळत असतं तर त्यांनी ते पगाराच्या दिवशीच बसवलं असतं. मतं दोनास एक पडलीत. दादाने हार मानली आहे, पण एका अटीवर: जुने पॉइंट, कंडेन्सर आणि दहा-अकराचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात राहणार.